तरंगा बुडाला, आता पुढं काय?

(या भागाची ही लिखित प्रत. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावा, एसटीत असाल तर खिडकीची जागा पकडा, आणि अर्धा तास माझ्यासोबत नदीवर चला.

आजचा विषय तुमच्यापैकीच काही जणांनी सुचवलाय. मोबाईलवर मासेमारीचे व्हिडिओ बघायला लागलं की दोन दिवसांत अमेरिकेतल्या नद्या समोर यायला लागतात. थंडगार हिरवं पाणी, कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस, हातात लांब काठी, पाण्यावर नारिंगी रंगाचा छोटासा तरंगा. तो तरंगा वाहत वाहत येतो आणि एकदम गडप! मग पाच किलोचा चांदीसारखा मासा हवेत उडी मारतो. एका श्रोत्याने तसा व्हिडिओ पाठवून विचारलं, "दादा, हे आपल्या कयाधूत जमेल का?"

तर थोडक्यात उत्तर असं: तो मासा आपल्याकडे मिळणार नाही, पण ती पद्धत शंभर टक्के जमेल. आणि त्या पद्धतीसोबत तिथल्या लोकांची एक सवय आहे, ती आपल्याला पद्धतीपेक्षा जास्त गरजेची आहे. ती कोणती, ते शेवटी सांगतो.

तो मासा कोण?

त्या माशाचं नाव स्टीलहेड. हा काही वेगळा जातीचा मासा नाही बरं का. हिमाचलमध्ये जो रेनबो ट्राउट पाळतात ना, तोच हा. फरक एवढाच की यातला एक गट नदीत जन्मतो, वर्ष-दोन वर्ष नदीत वाढतो आणि मग समुद्रात निघून जातो. समुद्रात भरपूर खाऊन मोठा होतो, अंग चांदीसारखं होतं, आणि अंडी घालायला परत नदीत चढतो. जो नदीतच राहिला तो रेनबो ट्राउट, जो समुद्र बघून आला तो स्टीलहेड. पॅसिफिक सालमन माशाच्या बहुतेक जाती एकदा अंडी घालून मरतात, पण स्टीलहेड पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा येऊ शकतो.

आपल्याकडे असं काही आहे का? आहे की! आणि आपल्याच नदीच्या शेवटाला आहे. हिंगोलीचं पाणी कुठं जातं बघा. पूर्णा थेट गोदावरीला मिळते. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धा नदीला, आणि ते पाणी प्राणहितेतून शेवटी गोदावरीलाच. म्हणजे नर्सीला कयाधूच्या घाटावर तुम्ही पाय धुतले तरी ते पाणी आंध्रात राजमहेंद्रीपाशी जाणार. तिथं पावसाळ्यात पूर आला की समुद्रातून हिलसा मासा गोदावरीत चढतो. तेलुगू लोक त्याला पुलसा म्हणतात आणि त्याच्यासाठी हजारो रुपये मोजतात. तो अंडी घालायलाच चढतो, अगदी स्टीलहेडसारखा. पण राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला मोठा बंधारा आहे, एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटनने बांधलेल्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी उभा राहिलेला, आणि त्याच्या वर तर धरणंच धरणं. त्यामुळे समुद्राचा मासा हिंगोलीपर्यंत येणं शक्य नाही. आपल्याकडे चढतो तो धरणाचा मासा. त्याच्याकडे नंतर येऊ.

तरंगा नेमकं काय काम करतो?

आता पद्धत समजून घेऊ. तिकडे तिला फ्लोट अँड जिग म्हणतात. फ्लोट म्हणजे तरंगा. जिग म्हणजे असा गळ ज्याच्या डोक्यावर शिशाचा छोटा गोळा बसवलेला असतो आणि मागे मऊ पिसं बांधलेली असतात. पिसं बहुतेक टर्कीची, रंगवलेली. वजन तीन ग्रॅमपासून सात-आठ ग्रॅमपर्यंत. पाण्यात ती पिसं श्वास घेतल्यासारखी हलतात, माशाला वाटतं काहीतरी जिवंत आहे.

आता बहुतेकांना वाटतं तरंगा हा फक्त घंटी आहे. मासा लागला की बुडतो, आपल्याला कळतं, संपलं. पण तरंगा घंटी असण्याआधी खुंटी आहे. आमिष पाण्यात किती खोलीवर लटकवायचं, ते तरंगा ठरवतो. तरंग्यापासून गळापर्यंत चार फूट तंगूस ठेवला तर आमिष चार फुटांवर लटकणार. पाणी पाच फूट खोल असेल तर आमिष तळापासून एक फूट वर. स्टीलहेड पकडणारे लोक साधारण हेच करतात: तळापासून फूट-दीड फूट वर. कारण थंडीत तो मासा तळाजवळ पडून असतो आणि आमिषासाठी फार लांब जात नाही. तुम्ही त्याच्या तोंडासमोरून ताट नेलं तरच तो घास घेणार.

दुसरं काम वेगाचं. इथं मला माझी बीटेक आठवते. नदीचं पाणी सगळीकडे एकाच वेगानं वाहत नाही. वर वेग जास्त, तळाला दगड-वाळूचं घर्षण, म्हणून वेग कमी. नदीचा विसर्ग मोजताना ढोबळ हिशेब असा धरतात की पृष्ठभागावरच्या वेगाचा साधारण ८५ टक्के हा पूर्ण खोलीचा सरासरी वेग. तळाला तर त्याहून कमी.

मग अडचण काय होते? तरंगा वर आहे, तो वरच्या वेगानं पळतो. आमिष खाली आहे, तिथलं पाणी हळू. तरंगा आमिषाला ओढत नेतो. मासा खालून बघतो तर सगळा पालापाचोळा हळू जातोय आणि एकच गांडूळ पळत सुटलंय! त्याला संशय येणारच. म्हणून जाणकार माणूस तंगूस हलकासा धरून ठेवतो, तरंग्याला किंचित रोखतो, म्हणजे तो खालच्या पाण्याच्या चालीनं चालतो. आणि मधला तंगूस धारेत वाकला की काठी उचलून तो अलगद वरच्या अंगाला ठेवतो, नाहीतर तो वाकलेला तंगूसच तरंग्याला फरफटत नेतो.

हे मी व्हिडिओत दहा वेळा बघितलं होतं. पण डोक्यात बसलं ते पूर्णेच्या काठी, एका भोई मामांमुळे. मी तरंग्यावर नजर लावून बसलो होतो. मामा म्हणाले, "इंजिनीअर साहेब, तरंगा काय बघताव? आधी पाण्यावरचा पाला बघा. पाला म्होरं गेला पायजे, तुमचा तरंगा मागं." एका वाक्यात सगळं आलं. शेजारून वाहणाऱ्या पानापेक्षा तरंगा पुढं पळत असेल तर चुकतंय. पानासोबत किंवा पानाच्या जरा मागं असेल तर बरोबर.

आपल्या नदीत तीन मजले

आता हिंगोलीत येऊ. आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण पाणी वाटून घेता येत नाही. पूर्णेवर वरच्या अंगाला जिंतूर तालुक्यात येलदरी, त्याच्या खाली आपल्या औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. उत्तरेला पैनगंगेवर, यवतमाळच्या हद्दीवर इसापूर. आणि मधून कयाधू, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत जाणारी. एप्रिलमध्ये ती वाळूची असते, ऑगस्टमध्ये पाण्याची.

या पाण्यात जे मोठे मासे सापडतात त्यातले तीन तुम्हाला बाजारात रोज दिसतात: कटला, रोहू, मृगळ. हे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. आपल्याकडे तलावांत, धरणांत बीज सोडून वाढवलेले. मत्स्यशेतीवाले हे तिघं एकाच तळ्यात सोडतात, कारण तिघांचे मजले वेगळे. कटला वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाला. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

आणि हे पाठ करायची गरज नाही, माशाचं तोंड बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, मोठं. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला. रोहूचं जवळपास समोर, जरा खाली झुकलेलं, ओठ झालरीसारखे. ज्याचं तोंड जिकडं, त्याचं जेवण तिकडं. बाजारात मासा घेताना एकदा निरखून बघा, मग तरंगा कुठं बांधायचा ते आपोआप कळतं.

म्हणजे सहा फूट पाणी असेल, तर कटल्यासाठी तरंगा गळापासून दीड-दोन फुटांवर, रोहूसाठी तीन-चार फुटांवर, मृगळासाठी आमिष जवळजवळ तळाला. जिथं लोक म्हणतात "आज नशीबच नाही", तिथं बऱ्याचदा मजला चुकलेला असतो. तरंगा एक फूट वर-खाली सरकवून बघणं फुकट आहे. पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही तर जागा बदलायच्या आधी खोली बदला.

मांडणी कशी करायची?

महागडं काही लागत नाही. बांबूची सरळ काठी, आठ-दहा फुटांची. रीळ असेल तर छान, नसेल तरी चालतं, काठीच्या टोकालाच काठीएवढा तंगूस बांधायचा. तरंगा म्हणून काय? गावाकडच्या पोरांना सांगायला नको. ज्वारीच्या धांड्याचा भेंड, जुन्या चपलेचा तुकडा, थर्माकोल. फक्त थर्माकोल नदीत सोडून येऊ नका, त्याचे दाणे वर्षानुवर्षं फिरत राहतात. भेंड सगळ्यात बरा, हलका असतो आणि हरवला तर कुजून जातो. पाणी पितो हा त्याचा दोष, म्हणून त्याला मेणबत्तीचं मेण चोपडा.

आता पायऱ्या सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पहिली: तरंगा तंगुसावर असा बसवा की तो वर-खाली सरकवता येईल, पण आपोआप घसरणार नाही. भेंडाला चीर पाडून तंगूस त्यात अडकवला आणि वरून रबराचं छोटं कडं चढवलं की झालं.

दुसरी: गळापासून साधारण वीतभर वर वजन लावा. वजन एवढंच की तरंगा पाण्यात उभा राहील आणि फक्त टोक वर दिसेल. हे महत्त्वाचं आहे. तरंगा अर्धा वर तरंगत असेल तर माशाला तो खाली ओढायला जोर लागतो, जोर जाणवला की मासा आमिष थुंकतो. टोकच वर असेल तर बोटभर धक्क्यानेही बुडतो. आर्किमिडीज इथंच कामाला येतो.

तिसरी: खोली मोजा. तरंगा उंच सरकवत जा आणि टाकत जा. जिथं तो आडवा पडला, तिथं वजन तळाला टेकलं. आता खोली कळली, मग मजल्याप्रमाणे खाली सरकवा.

चौथी: वाहत्या पाण्यात धारेच्या वरच्या अंगाला टाका आणि वाहू द्या. तरंगा सरळ उभा चालला पाहिजे. त्याचं टोक धारेच्या दिशेनं पुढं झुकलं, अडखळत चाललं, तर गळ तळाला घासतोय, थोडी खोली कमी करा. काठीच्या टप्प्याबाहेर गेला की उचलून पुन्हा वर टाका. सगळ्यात चांगली जागा म्हणजे वेगवान धार आणि संथ पाणी यांची शिवण. मासा संथ पाण्यात आराम करतो आणि धारेतून येणारं खाणं उचलतो.

पाचवी: आमिष. रोहू-मृगळाला कणकेचा गोळा चालतो, गांडूळ तर बहुतेकांना चालतं. आणि पिसांचा जिग? मरळ आणि शिंगाडा हे शिकारी मासे, ते हलणाऱ्या वस्तूवर जातात. तरंग्याखाली जिग लटकवून संथ डोहात अधूनमधून एक हलका झटका द्यायचा आणि थांबायचं. घास बहुतेक थांबल्यावरच येतो.

आणि एक गंमत. हाच तरंगा तुम्हाला नदीचं पाणीही मोजून देतो. काठावर १० मीटर अंतर पावलांनी मोजा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. समजा तरंग्याला २५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. ओढा १२ मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल. १२ गुणिले ०.५ गुणिले ०.४, त्याचे ८५ टक्के, म्हणजे सेकंदाला साधारण २ घनमीटर, २ हजार लिटर. बातम्यांत ऐकता ते क्युसेक काढायचे तर ३५ ने गुणा: साधारण ७० क्युसेक. आता बातमीत जेव्हा म्हणतात की धरणातून अमुक हजार क्युसेक सोडले, तेव्हा हा ७० चा ओढा डोळ्यांसमोर आणा. तो आकडा किती भयानक असतो ते कळेल.

नदी कुणाची?

गळ टाकायच्या आधी एक गोष्ट. सिद्धेश्वर असो, इसापूर असो की गावचा पाझर तलाव, तिथली मासेमारी बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. ठेक्याचे पैसे संस्था भरते, बोटुकली विकत आणून पाण्यात सोडते. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. आपण रविवारचा छंद म्हणून जातो, पण पाण्यात दिसणारा रोहू कुणाच्या तरी घरची भाकर असतो. त्यामुळे काठावर जाऊन आधी विचारा, "मामा, इथं बसलं तर चालंल का?" बहुतेक ठिकाणी चालतं. नाही म्हणाले तर नाही. आणि विचारल्याचा एक फायदा असा की पाणी कुठं खोल, खड्डा कुठं, मासा कुठं, हे कुठल्याच ॲपमध्ये नसलेलं सगळं तुम्हाला दोन मिनिटांत कळतं.

चढणीचे दिवस

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा भाग केलाय.

मृगाचा-आर्द्राचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढे गढूळ होऊन वाहायला लागतात. धरणातला, डोहातला मासा त्या नव्या पाण्याच्या वासानं वर चढतो. ओढ्यात, नाल्यात, थेट वावरातल्या पाटापर्यंत. चढणीचे मासे म्हणतो ना आपण, ते हेच. त्या दिवशी गावात जत्रा असते. कुणी जाळी घेऊन, कुणी मच्छरदाणी घेऊन, कुणी काठ्या घेऊन. लहानपणी आपल्यापैकी कितीतरी जण त्या चिखलात नाचलेत, मजा असते, खोटं कशाला बोला.

पण तो मासा चढतोय कशाला? अंडी घालायला. कटला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. ही अडचण एवढी मोठी होती की पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यात अंडी घालायला लावलं. आज सगळीकडे मत्स्यबीज केंद्रांत जे जिरे तयार होतात ते त्या शोधामुळे. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे.

आता नीट ऐका. रोहू संपला तर संस्था पुन्हा बोटुकली आणून सोडेल. पैसे जातील, पण मासा येईल. पण तुमच्या ओढ्यातले जे गावठी मासे आहेत, ज्यांची नावं फक्त तुमच्या आजीला माहीत आहेत, ते सहसा कुणी विकत आणून सोडत नाही. त्यांचं बीज म्हणजे त्या दिवशी ओढ्यात चढणारी ती मादी. एका मोठ्या मादीच्या पोटात अंडी लाखांत असू शकतात. त्यातली वाचून मोठी होणारी मोजकीच, म्हणून तर निसर्गानं लाखो दिली. ती मादी मच्छरदाणीत गेली की पुढच्या वर्षीचा ओढा रिकामा.

इथं स्टीलहेडवाल्यांची ती सवय सांगतो. अमेरिकेत मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून मग सोडतात. वर्षांनी तो मासा मोठा होऊन नदीत परत आला की गळ टाकणारा आधी पाठ बघतो. पर कापलेला असेल तर केंद्राचा मासा, नियमात बसेल तर घरी न्या. पर शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला जंगली मासा, तिथल्या तिथं सोडून द्या. दहा तास थंड पाण्यात उभं राहून मिळालेला मासा माणूस हसत हसत सोडतो. त्यांच्याकडे हे शहाणपण उशिरा आलं, धरणं बांधून आणि ओरबाडून झाल्यावर. वॉशिंग्टन राज्यातल्या प्यूजेट साउंड भागातला स्टीलहेड २००७ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला.

आपल्याकडे पर कापलेले मासे नाहीत. पण आपण आपला नियम करू शकतो, आणि तो फक्त गळवालाच पाळू शकतो. हा फरक लक्षात घ्या. जाळं निवडत नाही. करंट निवडत नाही, उलट करंट लावणाऱ्याचाच जीव घेतो. गावठी बॉम्ब आणि विष तर अंड्यापासून आज्यापर्यंत सगळं साफ करतात, आणि त्याला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यातच गुन्हा ठरवलंय, म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. गळाला मात्र एका वेळी एकच मासा येतो, जिवंत येतो, आणि तुमच्या हातात असताना तुम्हाला विचार करायला वेळ असतो. गळ म्हणजे निवड करायची सोय आहे.

तर माझे तीन नियम. तुम्हाला पटले तर घ्या.

एक: चिलापी मिळाली तर बिनधास्त घरी न्या. चिलापी म्हणजे तिलापिया, १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेला मासा. तिला पूर लागत नाही. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, साचलेल्या पाण्यात वर्षातून कितीतरी वेळा पिलावळ काढते आणि बाकीच्यांची जागा खाते. चिलापी खाल्ली तर ओढ्याचं नुकसान नाही, आणि तळून चवीला झकास.

दोन: पहिल्या पुरापासून पोळ्यापर्यंत पोट फुगलेली मादी सोडून द्या. समुद्रात पावसाळ्यात यांत्रिक बोटींना बंदी असते ती याच कारणानं. आपल्या ओढ्यावर बंदी घालायला कुणी येणार नाही, आपणच घालायची.

तीन: मरळीच्या पिल्लांवर गळ टाकू नका. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा खदखदताना दिसतो, त्याच्या खाली त्यांचा बाप किंवा आई राखण करत असते. थव्यात गळ टाकला की ती रागानं झडप घालते, म्हणून काही जण मुद्दाम तिथंच टाकतात. व्हिडिओला लाइक भरपूर मिळतात. पण राखणदार गेला की दहा मिनिटांत बाकीचे मासे पिल्लं संपवतात.

सोडायचा कसा?

सोडणंसुद्धा शिकावं लागतं, नाहीतर सोडलेला मासा दोन तासांनी पोट वर करून तरंगतो. गळाला जो उलटा काटा असतो तो पक्कडीनं आधीच दाबून टाका, गळ पटकन निघतो. तंगूस ताणून ठेवला तर मासा सहसा सुटत नाही. हात ओले करूनच धरा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून संरक्षण असतो. फोटो काढायचा तर मित्राला मोबाईल तयार ठेवायला सांगा, तुम्ही श्वास रोखून धरा. तुम्हाला जड जायला लागलं की माशालाही जड जातंय. मग धारेकडं तोंड करून पाण्यात धरा, तो स्वतः निसटेपर्यंत. आणि एप्रिल-मेच्या डोहात छंद म्हणून पकडून सोडत बसू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही.

स्वतःला सांभाळा

शेवटी दोन मिनिटं तुमच्यासाठी. व्हिडिओतला माणूस कमरेभर पाण्यात उभा असतो ते बघून कयाधूत उतरू नका. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत. काल गुडघाभर असलेली जागा आज दोन पुरुष असू शकते. काठावरूनच टाका, एकटे जाऊ नका. येलदरीतून पाणी सोडलं की सिद्धेश्वरची पातळी वाढते, सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले की खालची पूर्णा वाढते, आणि ते पाणी ऊन पडलेलं असतानाही येतं. भोंगा ऐकला की सामान सोडा, वर या. कार्बनची काठी विकत घेतली असेल तर लक्षात ठेवा, तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ती उभी करू नका, आणि ढग गडगडले की आडवी ठेवून लांब व्हा.

बास, एवढंच. पुढच्या भागासाठी तुम्हाला गृहपाठ देतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या ओढ्यात पूर्वी कोणकोणते मासे होते, त्यांची गावठी नावं काय. त्यातले आज किती दिसतात तेही विचारा. आवाज रेकॉर्ड करून पाठवा, गावाचं आणि ओढ्याचं नाव सांगायला विसरू नका. पुरेसे आले तर ते सगळे आवाज एकत्र जोडून एक भाग करू, म्हणजे निदान सोडून काय द्यायचं याची यादी तरी आपल्याकडे असेल.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि काठावरच बसा!